फुटलेल्या पुंगळीची साक्ष

पिस्तुलातून गोळी सुटली की साऱ्यांची नजर निशाणाकडे जाते. गोळी मध्यावर लागली की कडेला, याची चर्चा सुरू होते. त्याच क्षणी पिस्तुलाच्या उजव्या कुशीतून उडून बाजूच्या गवतात पडलेल्या पितळी पुंगळीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. फार तर सराव संपल्यावर हवालदार पुंगळ्या मोजून घेतो आणि मोजणी जुळली की त्यांची रवानगी पिशवीत होते. परंतु पिस्तूल एखादे दिवशी ऐन वेळी अडले, तर ते का अडले हे सांगणारा सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे ही टाकून दिलेली पुंगळीच होय. पिस्तूल मागाहून पुसले जाते, त्याला तेल दिले जाते, त्याचे भाग सुटे करून पुन्हा जोडले जातात. चालवणारा गांगरलेला असतो, त्यामुळे त्याच्या आठवणीवर फारसे विसंबता येत नाही. पुंगळीवर मात्र जे घडले ते घडले तसे उमटून राहते.

चांदमारीच्या मैदानावर घडू शकणारा एक प्रसंग घ्यावा. हातात ९ मिलिमीटरचे स्वयंभरणी पिस्तूल आहे. ब्राउनिंगच्या आराखड्याचे, इछापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारे आणि आपल्या सैन्यात व पोलिसांत सर्वत्र परिचित असलेले. तीन गोळ्या व्यवस्थित सुटल्या. चौथीचा आवाज किंचित वेगळा आला, हाताशी थोडा अधिक धूर दिसला, आणि पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ज्याला सैनिक स्लाईड म्हणतात, तो मागे जाऊन पुढे आला खरा, परंतु पूर्ण मिटला नाही. सेंटिमीटरभर अलीकडेच थांबला. चाप ओढला तर घोडा पडत नाही. कारण स्लाईड मिटल्यावाचून घोडा पडू नये अशी योजना पिस्तुलातच केलेली असते.

आता काय झाले असावे? बहुतेकांच्या तोंडी पहिले उत्तर येते ते स्प्रिंग कमजोर झाल्याचे. दुसरा म्हणतो, मॅगझिनचे ओठ वाकले असतील. तिसऱ्याला वाटते, काडतूस जेथे बसते त्या चेंबरमध्ये मळ साचला असेल. यांतले कोणतेही कारण अशक्य नाही, आणि घोटाळा होतो तो नेमका येथेच. बाहेरून दिसणारे लक्षण एकच, पण त्याच्यामागची कारणे अनेक. ताप चढला म्हणून प्रत्येकाला हिवतापाचीच गोळी देणाऱ्या वैद्याप्रमाणे येथेही पहिल्या लक्षणावरून निदान करण्याचा मोह होतो. मग कोणी तरी तळहाताने स्लाईडवर मागून थाप मारतो. ही थाप फार महागात पडू शकते.

कारण या प्रसंगी चेंबरमध्ये मळ नाही, चेंबरमध्ये पुंगळी आहे. निदान पुंगळीचा पुढचा अर्धा भाग आहे. चौथी गोळी सुटताना पुंगळी आडवी तुटून तिचे दोन तुकडे झाले. पिस्तुलात पुंगळी बाहेर ओढणारा जो लहानसा आकडा असतो, तो तिला केवळ बुडाच्या कडेशी धरतो. त्याने आपले काम चोख केले, बूड ओढून बाहेर फेकले. पुढचे कडे मात्र चेंबरच्या भिंतीला चिकटून आतच राहिले. मागून आलेल्या पाचव्या काडतुसाची गोळी त्या कड्यात शिरली आणि पुंगळीची कड कड्याच्या कडेला टेकून अडली. स्लाईड थांबली ती म्हणून. आता वरून थाप दिली तर काडतूस त्या कड्यात अधिकच रुतते, आणि प्रसंगी त्याची गोळी मागे पुंगळीत दाबली जाते. गोळी अशी आत सरली म्हणजे दारूला मिळणारी जागा कमी होते व तेच काडतूस पुढे कधी उडवले तर त्यातील दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. एका दोषाचे निवारण करताना दुसऱ्याची पेरणी व्हावी, असा हा प्रकार आहे.

खरे निदान करायला कोणतेही मोठे उपकरण लागत नाही. बोट चापावरून काढावे, नळीचे तोंड निशाणाच्या दिशेनेच ठेवावे, मॅगझिन काढावे, स्लाईड मागे ओढून धरावी, आणि मग पायाशी पाहावे. शेवटची पडलेली पुंगळी हाती घेतली की प्रकरण उलगडते. ९ मिलिमीटरच्या काडतुसाची पुंगळी १९ मिलिमीटरांहून किंचित लांब असते. येथे हाती येते ते शिंप्याच्या अंगुस्तानाएवढे आखूड टोपण. पुष्कळदा आणखी एक पुरावा मिळतो. स्लाईड मागे ओढताना जे न उडालेले काडतूस बाहेर येते, त्याच्या गोळीभोवती बोटात अंगठी घालावी तसे ते तुटलेले कडे अडकून आलेले असते. तसे झाले तर चेंबर आपोआप मोकळे होते आणि पिस्तूल पूर्ववत चालू लागते. अडचण अशी की, मग चालवणारा दोन पावले पुढे गेलेला असतो. अडले होते, सुटले, संपले, एवढेच तो ध्यानात ठेवतो. काय अडले होते हे कोणी पाहिलेलेच नसते.

येथे सर्वांत गंभीर शक्यतेचा विचार आधी करावा लागतो. पुंगळी फुटली तेव्हा गोळी नळीतून बाहेर पडली की नाही? आवाज फुसका आला असेल, धक्का नेहमीपेक्षा कमी बसला असेल, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते वा फाटते. म्हणून चेंबरमधून आरपार उजेड दिसल्याशिवाय, आणि तोही पिस्तूल रिकामे करून, नळी वेगळी काढून पाहिल्याशिवाय, पुढचे काडतूस भरू नये. हा नियम पाळण्यास एक मिनिट लागते. न पाळल्यास बोटे जाऊ शकतात.

पुंगळी फुटते का, हे समजून घ्यायचे तर ती एरवी का फुटत नाही, हे आधी समजले पाहिजे. तिला दारू ठेवण्याची डबी समजणे हा तिच्यावर अन्याय आहे. ती डबी तर आहेच, शिवाय ती झडपही आहे. टोपी पेटून दारूने पेट घेतला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आतला दाब कमालीचा चढतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी ठरवलेली दाबाची कमाल मर्यादाच वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २,३०० पट आहे. एवढा दाब त्या पातळ पितळेने एकटीने सोसायचा नसतो. पुंगळी फुगते, चेंबरच्या पोलादी भिंतीला जाऊन टेकते, आणि दाब पोलादावर सोपवून देते. त्याचबरोबर ती भिंतीशी इतकी घट्ट बसते की तप्त वायूला मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, यायला फट राहत नाही. गोळी निघून गेली, दाब उतरला, की तिला पुन्हा किंचित आक्रसावे लागते. ती आक्रसली नाही तर भिंतीला चिकटून बसेल आणि आकड्याला दाद देणार नाही. ताणले जाणे आणि मागे येणे असे दोन्ही गुण एकाच धातूत हवेत. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांचे पितळ या कामी उत्तम ठरले आणि आजही जगभर प्रामुख्याने तेच वापरले जाते.

या पितळेचा स्वभाव पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. हातोड्याखाली पत्रा ठोकला की तो घट्ट होत जातो, हट्टी होत जातो. आणखी ठोकला तर चिरतो. म्हणून तांबट मधून मधून भांडे भट्टीत घालून त्याला मऊ करून घेतो आणि पुन्हा ठोकायला बसतो. काडतुसाच्या कारखान्यात हातोड्याची जागा दाबयंत्राने घेतलेली असते, एवढाच फरक. पितळेच्या चकतीची वाटी होते, वाटीचा पेला होतो, पेल्याची नळी होते, आणि दोन ओढींच्या मध्ये धातूला भट्टीचा ताव दिला जातो. शेवटी बूड जाड व कठीण राहील, भिंत तोंडाकडे पातळ होत जाईल, आणि तोंड गोळी धरण्याइतके लवचीक राहील, असा मेळ साधावा लागतो. हा मेळ जेथे बिघडतो, तेथे पुंगळी फुटते. कोठे फुटली हे पाहिले की काय बिघडले याचा अर्धा उलगडा तेथेच होतो.

बुडाच्या थोडे वर, सभोवार, सुरीने कापल्यासारखी आडवी तूट असेल तर धातू तेथे ताणून पातळ झाला होता असे समजावे. एकदा वापरलेली पुंगळी पुन्हा भरून वापरण्याची प्रथा अमेरिकेसारख्या देशांतील नेमबाजांत रूढ आहे. तशा पुंगळीला दर खेपेस पुन्हा ताणावे आणि दाबावे लागते. ९ मिलिमीटरच्या काही पुंगळ्यांत गोळी फार आत जाऊ नये म्हणून भिंतीच्या आतल्या बाजूस पायरी ठेवलेली असते. अशा पुंगळ्या पुन्हा भरल्यावर नेमक्या त्या पायरीशी तुटतात, असा अनेकांचा अनुभव आहे. रायफलीत याच प्रकारची तूट बहुधा दुसऱ्या कारणाने होते. काडतुसाचे बूड आणि त्याला मागून आधार देणारा बोल्ट यांच्यात झिजेमुळे फट वाढते, पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला चिकटतो, बूड मागे ढकलले जाते, आणि मधला भाग रबरासारखा ताणून तुटतो. ली-एन्फील्ड रायफलीच्या चौथ्या क्रमांकाच्या नमुन्यात ही फट भरून काढण्यासाठी बोल्टची डोकी वेगवेगळ्या लांबीची करून त्यांवर ० ते ३ असे आकडे घातलेले होते. व्हिकर्स मशीनगनच्या तुकडीजवळ तर तुटलेल्या पुंगळीचे कडे काढण्याचे खास हत्यार दिलेले असे. यावरून ही आपत्ती किती परिचयाची होती हे ध्यानात यावे.

तूट बुडाशी, खालच्या अंगाला, आणि पुंगळी तेथे आधी फुगून मग भोक पडलेले, असे दिसले तर प्रकरण अधिक गंभीर आहे. मॅगझिनमधून काडतूस वर चढावे म्हणून चेंबरच्या तोंडाशी खालच्या बाजूस एक उतार दिलेला असतो. त्या ठिकाणी पुंगळीला पोलादाचा आधार थोडा कमी मिळतो. दाब प्रमाणाबाहेर गेला तर पितळ प्रथम तेथेच हार खाते, आणि तप्त वायू सरळ खाली मॅगझिनच्या पोकळीत घुसतो. मॅगझिन खाली उडून पडते, मुठीच्या पट्ट्या तडकतात, हात भाजतो. असे झाले की एकच आरोळी ठोकली जाते, ती म्हणजे दारू जास्त भरली होती. परंतु हेच भोक दुसऱ्याही कारणाने पडते. स्लाईड पूर्ण मिटण्यापूर्वी काडतूस उडाले, तर काडतुसाचा अधिक भाग उघडा राहतो आणि मग नेहमीचा दाबही त्याला भारी पडतो. पहिल्या कारणात दोष काडतुसाकडे जातो, दुसऱ्यात पिस्तुलाकडे. एकात कारखान्याला जाब विचारला जातो, दुसऱ्यात शस्त्रागारातल्या आर्मररला. दोघांपैकी कोणाची नोकरी पणाला लागणार, हे ठरवणारी खूण पुंगळीच्या बुडावर असते. टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरली आहे, बुडावर मागच्या पोलादाचे ओरखडे व खाचा ठशासारख्या उमटल्या आहेत, टोपीची खोबण सैल पडली आहे, अशी चिन्हे असतील तर दाबच वाढला होता. टोपी नेहमीसारखी गोलसर, आणि फायरिंग पिनची खूण मात्र मध्यावरून ढळलेली, असे असेल तर संशय स्लाईडकडे वळतो. दाब वाढला असे ठरले तरी दारूच जास्त होती असे लगेच म्हणता येत नाही. नळीत आधीची गोळी अडकलेली असू शकते. नळीवरून बोट फिरवले असता अंगठीसारखा उंचवटा लागला, तर तोच त्या गोळीचा पत्ता.

राहिली तोंडापासून खाली येणारी उभी चीर. तिच्याने पिस्तूल बहुधा अडत नाही आणि म्हणूनच तिची कोणी दखल घेत नाही. परंतु तिच्या कडा भिंगातून पाहाव्यात. कडा सोन्यासारख्या उजळ असतील तर चीर या स्फोटातच पडली. कडा काळसर, मळकट असतील तर चीर आधीपासून होती. काडतूस मॅगझिनमध्ये भरले तेव्हाच ते फुटके होते. आणि ते एकच फुटके नसून त्याच्या पेटीतली सगळी भावंडे तशीच असण्याचा संभव असतो. अशा वेळी पिस्तूल तपासत बसण्याऐवजी पेटीवरचा लॉट क्रमांक टिपून घेऊन ती सारी पेटी बाजूला काढणे हेच शहाणपणाचे.

या सर्व तपासात एक अडचण शिस्तीचीच असते. सैनिकाला आणि पोलिसाला पहिला धडा मिळतो तो शस्त्र साफ ठेवण्याचा. पिस्तूल बिघडले की तो सवयीने आधी त्याला साफ करतो, आणि चेंबरमधली काजळी कोठपर्यंत होती, पितळेचे कण कोठे होते, हा सारा पुरावा चिंधीबरोबर पुसला जातो. आर्मररच्या हाती येते ते लखलखीत, निर्दोष पिस्तूल. बिघाड झालेले शस्त्र जसे आहे तसे, रिकामे करून, पुंगळीच्या तुकड्यांसह आर्मररकडे देणे, एवढा एक अपवाद त्या धड्याला जोडला तर पुष्कळ वाद टळतील.

पुंगळीची साक्ष किती काळ टिकते, याचे एक विलक्षण उदाहरण अमेरिकेतील आहे. २५ जून १८७६ रोजी मोंटानामधील लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टर हा सेनानी आणि त्याच्यासोबतची तुकडी सू व शायान योद्ध्यांच्या हातून पूर्णपणे मारली गेली. सैनिकांच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनमधील तांब्याच्या पुंगळ्या तापून अडकल्या, बुडे तुटली, म्हणून पराभव झाला, असे पुढे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. १९८३ साली त्या माळावर वणवा लागून गवत जळाले, आणि पुढील दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी तेथे शोध घेऊन शेकडो पुंगळ्या व गोळ्या गोळा केल्या. अडकलेली पुंगळी सुरीने उकरून काढली तर तिच्या कडेवर ओरखडे राहतात. तसे ओरखडे असलेल्या पुंगळ्या सापडल्या, परंतु फार थोड्या. बंदुका अडल्या हे खोटे नव्हते. पण पराभवाचे खापर त्यांच्यावर फोडता येईल इतक्या त्या अडल्या नव्हत्या. शंभर वर्षांनी का होईना, पुंगळ्यांनी साक्ष दिली आणि एक सोयीस्कर समजूत ढासळली.

याच्या उलट प्रकार सुदानमधला. १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्ली येथे खार्टूमकडे निघालेल्या ब्रिटिश फौजेच्या चौकोनावर महदीच्या अनुयायांनी हल्ला केला आणि चौकोन काही काळ फुटला. ब्रिटिश सैनिकांच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. त्यांची पुंगळी अखंड ओढलेली नव्हती. पातळ पितळी पत्रा गुंडाळून तिची नळी केलेली असे आणि तिला लोखंडी बूड जोडलेले असे. वाळू, काळ्या दारूची काजळी आणि तापलेले चेंबर यांनी हा गुंडाळलेला पत्रा आत रुतून बसे, आणि आकडा बूड तेवढे उपटून काढी. भाले घेतलेला शत्रू दहा पावलांवर आणि हातातली रायफल म्हणजे नुसती काठी, अशी स्थिती त्या दिवशी अनेकांच्या वाट्यास आली. या मोहिमेनंतर तक्रारी इतक्या झाल्या की गुंडाळलेली पुंगळी मागे पडून अखंड ओढलेल्या पितळेची पुंगळी सार्वत्रिक झाली. चांदमारीच्या मैदानावर अडलेल्या पिस्तुलात आणि अबू क्लीच्या त्या रायफलीत दोष एकच होता. बूड बाहेर आले आणि अंग आत राहिले.

अखंड ओढीव पितळ आले म्हणून प्रश्न मिटला असे मात्र झाले नाही. त्या नव्या पुंगळीचा एक गूढ रोग हिंदुस्थानातच उघडकीस आला. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली मंदावत, आणि काडतुसांचे साठे घोड्यांच्या पागांतून कोरड्या जागी ठेवले जात. पावसाळा सरून पेट्या उघडल्या की पुष्कळ पुंगळ्या चिरलेल्या निघत. विशेषतः गोळीभोवती जेथे तोंड आवळलेले असते तेथे. कोणी त्या उडवल्या नव्हत्या, आपटल्या नव्हत्या. गंज म्हणावा तर पितळ वरून बरेचसे उजळच दिसे. वाळवलेल्या लाकडाला पडणाऱ्या भेगांवरून इंग्रजांनी या रोगाला नावही लाकडावरचेच दिले. पेट्या बदलल्या, झाकणे घट्ट केली, तरी चिरा पडतच राहिल्या.

१९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध केले. अपराधी होता पागेतला वास. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया वायू सुटतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा नाकाला झोंबणाऱ्या धुरात जो असतो, तोच हा वायू. दमट हवेत पितळेवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा बसतो, त्यात अमोनिया विरघळतो, आणि तो तांब्याला विरघळवू लागतो. पण एवढ्याने चीर पडत नाही. ओढून घडवलेल्या पितळेच्या अंगात ताण कोंडून राहिलेला असतो. वरून शांत दिसणारे ते पितळ आतून ओढलेल्या धनुष्यासारखे असते. अमोनियाने पृष्ठभागावर, धातूच्या कणांच्या सांध्यात, सूक्ष्म खाच पाडली की तो कोंडलेला ताण ती खाच उघडत नेतो, उघडलेल्या खाचेत पुन्हा अमोनिया शिरतो, आणि बघता बघता आरपार भेग जाते. ताण नसेल तर अमोनिया फारसे काही करू शकत नाही, आणि अमोनिया नसेल तर ताण वर्षानुवर्षे निमूट राहतो. दोघांची गाठ पडली, आणि वर पावसाळ्याचा दमटपणा मिळाला, की पुंगळीचे आयुष्य संपले.

रोग कळल्यावर उपाय सोपा ठरला. तयार पुंगळीला, विशेषतः तिच्या तोंडाला, बेताचा ताव द्यायचा. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पितळेचा कणखरपणा फारसा न घटता आतला ताण उतरतो. ताण खरोखर उतरला की नाही याचीही परीक्षा आहे. नमुन्याची पुंगळी मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. अंगात ताण शिल्लक असेल तर पारा धातूत शिरून ती थोड्या वेळातच तडकते. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा १९६४ सालचा. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या कक्षेत आले आहेत. अशा कारखान्यांत पुंगळीवर होणारी निम्मी मेहनत ही वाटीला नळी करण्याची नसून तिच्या अंगातला ताण काबूत ठेवण्याची असते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पागा गेल्या, घोडे गेले; अमोनिया मात्र गेलेला नाही. पितळेच्या बकलांना आणि बिल्ल्यांना चकाकी आणणाऱ्या काही द्रावणांत तो असतो. एखादा टापटिपीचा शिपाई परेडच्या आदल्या रात्री बकल उजळता उजळता पट्ट्यातली जिवंत काडतुसेही त्याच फडक्याने उजळून काढतो. त्याची काडतुसे दुसऱ्या दिवशी सर्वांत देखणी दिसतात, आणि पागेत ठेवलेल्या पेट्यांना जे झाले तेच त्यांना होण्याची वाट मोकळी होते. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन् महिने खोचून ठेवलेल्या काडतुसांवर चढणारा हिरवा थर हाही पितळेवर चाललेल्या हल्ल्याचाच असतो. असा थर चढलेली काडतुसे सरावालासुद्धा न वापरता परत करावीत; ज्या गोळीवर शिपायाचा जीव अवलंबून आहे, तिच्या जागी तर त्यांना थाराच नको.

रायफलीचे नवे काडतूस हाती घेतले तर त्याच्या मानेशी पुष्कळदा निळसर-पिवळसर डाग दिसतो. नवशिक्याला तो मळ वाटतो आणि तो पुसायला जातो. तो पुसला जात नाही. पुंगळीच्या मानेला भट्टीचा ताव मिळाल्याची ती खूण आहे, आणि लष्करी कारखाने ती मुद्दाम घासून काढत नाहीत.